दहा ते चौदा : गिटारच्या गोलाईचा हिशेब

गेल्या जुलैत मी नवीन गिटार घ्यायच्या अगदी बेतात होतो. कार्टमध्ये टाकून ठेवली होती, ईएमआयचा हिशेबही झाला होता. कारण एकच होतं. माझ्या जुन्या गिटारवर सगळ्यात बारीक तार बाराव्या फ्रेटवर दाबून एक पूर्ण स्वर वर ओढली, म्हणजे बेंड घेतला, की आवाज वाटेतच मरायचा. आधी स्वर, मग एक कोरडा 'टिक', मग शांतता. गिटारवाले याला 'नोट चोक होते' म्हणतात. ज्या सोलोसाठी दोन वर्षं घासत होतो, त्याचा सगळा जीव नेमका त्या एका बेंडमध्ये होता.

दोष कुणाचा, हे इंटरनेटने मला आधीच सांगून ठेवलं होतं : फ्रेटबोर्डच्या गोलाईचा. माझ्या गिटारची गोलाई एकसारखी, सव्वासात इंची. जुन्या पद्धतीची. उपाय : कंपाउंड रेडियस. नव्या गिटारच्या स्पेसिफिकेशनमध्ये तो आकडा ठळक लिहिलेला होता, '१०–१४'. मी तो आकडा विकत घ्यायला निघालो होतो. या लेखात त्या आकड्याचंच परीक्षण करायचं आहे. तो खोटा नाही, हे आधीच सांगतो. पण तो जितका मोठ्याने बोलतो, तितकं त्याच्याकडे सांगण्यासारखं आहे का?

पिंप आणि भेळेची पुडी

ज्यांनी गिटार हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिटारच्या मानेवर जी लाकडी पट्टी असते, जिच्यावर धातूचे फ्रेट ठोकलेले असतात, तो फ्रेटबोर्ड. क्लासिकल गिटारवर तो बहुधा सपाट असतो. इलेक्ट्रिक गिटारवर तो आडवा किंचित फुगीर असतो. किती फुगीर, ते एका वर्तुळाच्या त्रिज्येने सांगतात. बिल्डिंगच्या गच्चीवर दोनशे लिटरचा निळा पिंप असतो ना, त्याची त्रिज्या साधारण साडेअकरा इंच. त्याच्यावरून उभी पट्टी कापली तर ती गिब्सनच्या नेहमीच्या १२ इंची फ्रेटबोर्डच्या जवळ जाईल. ७.२५ इंच म्हणजे एखाद्या मोठ्या हंड्याएवढी गोलाई, बरीच जास्त फुगीर. आकडा जितका मोठा, तितका बोर्ड सपाट.

पिंपावरून कापलेल्या पट्टीची गोलाई वरपासून खालपर्यंत एकच राहते. हा झाला सिंगल रेडियस. आता पिंपाऐवजी भेळेची कागदी पुडी घ्या. टोकाकडे ती जास्त वळलेली, तोंडाकडे सपाट होत गेलेली. तिच्यावरून कापलेली पट्टी म्हणजे कंपाउंड रेडियस. नटजवळ, जिथे आपण कॉर्ड पकडतो, तिथे गोल. वर, जिथे सोलो वाजतात, तिथे सपाट. '१०–१४'चा अर्थ एवढाच.

यामागचं भूमितीचं कारणही पटण्यासारखं आहे. गिटारच्या तारा एकमेकींना समांतर नसतात. नटकडे जवळ असतात आणि ब्रिजकडे पसरत जातात. पसरत जाणाऱ्या सरळ रेषा पिंपावर नीट बसत नाहीत, शंकूवर बसतात. म्हणून शंकू हाच 'योग्य' आकार, असा युक्तिवाद केला जातो. ऐकायला तो इतका स्वच्छ वाटतो की इंजिनिअर माणूस लगेच पटवून घेतो. मीही घेतला.

सव्वासात इंचांना दोष का देऊ नये

तरी आधी जुन्या आकड्याची बाजू मांडायला हवी. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली आणि तिचा बोर्ड सव्वासात इंची होता. तो काही चुकून झाला नव्हता. त्या काळी तारा जाड असायच्या आणि वाजवणाऱ्यांचं बरंचसं काम कॉर्डचं असायचं. जाड तार पूर्ण स्वर वर ओढायला मनगट मोडतं, त्यामुळे मोठे बेंड हा रोजचा मामला नव्हता. एर्नी बॉलच्या बारीक 'स्लिंकी' तारा १९६२ मध्ये बाजारात आल्या. ब्लूज आणि रॉकवाल्यांनी तारा ओढायला सुरुवात केली, मग ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, कमीत कमी हवी अशी मागणी आली. बोर्ड तोच राहिला आणि संगीत बदललं. जो आकार एका कामासाठी उत्तम होता, तो दुसऱ्या कामात अडखळू लागला.

अडखळतो कसा? तार ओढताना तुमचं बोट तिला बोर्डच्या कडेवरून मधल्या फुगवट्याकडे नेतं. तिचं दुसरं टोक मात्र ब्रिजवर, कडेलाच असतं. म्हणजे तार आता टेकडीवरून तिरकी उतरते आणि पुढच्या फ्रेटना घासायला लागते. टेकडी जितकी उंच, तितकं घासणं जास्त.

तेव्हापासून कंपन्यांनी आपापली उत्तरं काढली. फेंडरचे नेहमीचे नवे बोर्ड ९.५ इंची आहेत, पीआरएसचे १० इंची. जॅक्सनच्या कित्येक मॉडेलवर १२–१६ कंपाउंड असतो. २०१९ मध्ये आलेल्या फेंडर अमेरिकन अल्ट्रावर १०–१४. आणि त्याच फेंडरने २०२० मध्ये अमेरिकन प्रोफेशनल टू काढली, ती सरळ ९.५वर ठेवून. एकाच कंपनीच्या दोन चांगल्या गिटार, दोन वेगळे बोर्ड. एकच आकार 'योग्य' असता तर असं झालं नसतं.

टॉवेल बांधून

हॉस्टेलपासूनचा माझा एक मित्र मिरजेचा आहे. तो वाशीला नोकरीला लागला तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी खांदेश्वर स्टेशनला उतरून माझ्याकडे येतो, पाठीवर गिटार. त्याची १२–१६ कंपाउंड आहे. मी त्याला माझा बेत सांगितला तर म्हणाला, "आधी ओळखून तर दाखव."

दोन्ही गिटारवर एकाच जाडीच्या तारा चढवल्या, ॲक्शन एकसारखी केली आणि माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. कोणती गिटार आहे ते मानेच्या जाडीवरून लगेच कळत होतं, त्यामुळे तो प्रश्न बाद. मग त्याने विचारलं, "कुठली सोपी वाटते?" पहिल्या तीन-चार फ्रेटवरच्या कॉर्डला मी कधी ही म्हणालो, कधी ती. बार कॉर्डला बोट दुखलं ते दोन्हीकडे सारखंच दुखलं. नटजवळ ७.२५ आणि १२ इंची बोर्डमध्ये कडेच्या तारांखाली, मधल्या उंचीच्या मानाने, फरक असतो सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरचा. आहे, पण माझ्या बोटाला तो रोज कळतो असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

मग बेंड. इथे टॉवेलची गरजच नव्हती. त्याच्या गिटारवर स्वर वर गेला, तिथे टिकला, थरथरला. माझ्या गिटारवर 'टिक'. मी टॉवेल काढला आणि म्हणालो, "बघ."

तो म्हणाला, "बघितलं. पण हे गोलाईमुळेच आहे हे कशावरून?"

स्प्रेडशीट

त्या रात्री मी हिशेब मांडला. आकडे साधे आहेत : नटवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर ३५ मिलिमीटर, ब्रिजवर ५२, तारेची लांबी ६४८. बाराव्या फ्रेटवर बारीक तार १५ मिलिमीटर आत ओढली, म्हणजे शेजारच्या तारांमधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा थोडी कमी.

पहिला प्रश्न होता तो 'योग्य आकारा'चा. सरळ तार पिंपावर किती चुकते? सव्वासात इंची बोर्डवर, नट आणि बाविसाव्या फ्रेटच्या मध्ये, कडेच्या तारेखाली जो उंचवटा येतो तो ०.०२५ मिलिमीटर. बारा इंची बोर्डवर ०.०१५. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. फ्रेट बसवल्यावर कारागीर तारेच्या रेषेत कानस फिरवतो तेव्हा एवढं तर सहज निघून जातं. म्हणजे पिंपावर ठोकलेले फ्रेट चांगल्या हाताखालून गेले की त्यांचे माथे नकळत शंकूच्या जवळ पोचलेले असतात. तारा पसरतात म्हणून शंकूच हवा, हा युक्तिवाद गणिताने बरोबर आहे आणि व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी.

याच हिशेबात आणखी एक गंमत सापडली. तारांच्या पसरण्याशी तंतोतंत जुळणारा शंकू घ्यायचा, तर नटवर १२ इंच असताना बाविसाव्या फ्रेटवर साधारण १६ इंच यायला हवेत, आणि १० असताना साडेतेरा. म्हणजे १२–१६ आणि १०–१४ हे आकडे भूमितीच्या अगदी जवळचे आहेत. पण सव्वासातपासून निघालो तर शेवटी ९.८च येतात. ७.२५ ते १४ असा कुणी बोर्ड बनवला, तर तो वाजवण्याच्या सोयीसाठी बनवलेला असेल. त्याला 'तारांचा नैसर्गिक आकार' म्हणू नये.

दुसरा प्रश्न खरा होता. बेंड घेताना किती जागा जाते? बाराव्या फ्रेटवर ॲक्शन दीड मिलिमीटर असेल, तर सव्वासात इंची बोर्डवर त्या बेंडमध्ये तारेखालची सुमारे ३० टक्के मोकळी जागा संपते. सरळ बारा इंचीवर १८ टक्के. १२–१६ कंपाउंडवर १२ टक्के. हा फरक खरा आहे, आणि मोठा आहे. बोटाच्या भाषेत सांगायचं तर सव्वासातवरून सरळ बारावर गेलो की मी ॲक्शन ०.१८ मिलिमीटरने खाली आणू शकतो; १२–१६ वर गेलो तर ०.२८ने.

इथे थांबून नीट बघितलं पाहिजे. त्या ०.२८ पैकी ०.१८ तर निव्वळ बोर्ड सपाट केल्याचे आहेत. शंकूचा स्वतःचा वाटा ०.१, एका जाडशा केसाएवढा. सरळ १६ इंची बोर्ड घेतला असता तर ०.२५ मिळालेच असते. कंपाउंडचं खरं देणं एवढंच आहे की बेंडसाठी तो सोळासारखा वागतो आणि कॉर्डसाठी बारासारखा राहतो. ज्याला दोन्ही हवं, आणि तेही खूप खालच्या ॲक्शनवर, त्याच्यासाठी हे देणं लहान नाही. पण जाहिरातीत या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात गुंडाळलेल्या असतात, आणि पैसे आपण गुंडाळीचे देतो.

पनवेलचा पाऊस

तरीही माझी नोट का मरत होती, हे स्प्रेडशीट सांगेना. माझी ॲक्शन १.७ होती. तिथे सव्वासात इंची बोर्डवरसुद्धा बेंड वाजायला हवा होता.

शेवटी गिटार घेऊन एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी गोलाई मोजलीच नाही. आधी मान डोळ्याच्या रेषेत धरून बघितली आणि विचारलं, "राहायला कुठे?"

"खांदा कॉलनी."

"भिंतीला लावून ठेवता का?"

ठेवत होतो. आणि आमची ती भिंत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओलसर असते. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते तीच ही भिंत. लाकूड दमट हवेत फुगतं, मान हलते. गिटारच्या मानेला मुद्दाम थोडा खोलगट बाक ठेवतात, त्याला रिलीफ म्हणतात. तो साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असतो. माझ्या मानेत तो उरलाच नव्हता, उलट ती किंचित मागे गेली होती. मग काकांनी एक लहानशी सरळ पट्टी तीन-तीन फ्रेटवर ठेवत नेली. चौदाव्या फ्रेटवर पट्टी डुगडुगली. तो फ्रेट एका बाजूने वर आला होता. माझी ओढलेली तार नेमकी त्याच्यावरच जाऊन आपटत होती.

"बोर्ड चुकीचा आहे का?" मी विचारलं.

"बोर्ड आहे तसा आहे. फ्रेट उठलाय."

त्यांनी ट्रस रॉड सैल केला, फ्रेट बसवला, सगळे फ्रेट तारेच्या रेषेत घासून सारखे केले, त्यांचे माथे पुन्हा गोल केले. चार दिवसांनी गिटार परत आली. ॲक्शन १.६. बाराव्या फ्रेटवर तार ओढली. स्वर वर गेला आणि तिथे राहिला. दोन वर्षं मी आधी स्वतःच्या करंगळीला आणि मग एका आकड्याला दोष देत होतो.

कार्ट रिकामी केली. पण प्रयोग पूर्ण करायचा म्हणून ॲक्शन हळूहळू खाली आणत गेलो. १.२ला माझी नोट पुन्हा मरायला लागली. मित्राच्या गिटारवर १.२लाही ती शाबूत होती. म्हणजे गोलाईचा फरक शेवटी सापडला, आणि स्प्रेडशीटने सांगितला होता तिथेच सापडला : ॲक्शनच्या शेवटच्या थोड्या दशांशांत. त्याच्या आधी ओल होती, मान होती, एक उठलेला फ्रेट होता. यातली एकही गोष्ट स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली नसते.

मिरजेत आधी काय विचारतात

हे सगळं मित्राला सांगितलं तेव्हा तो हसला. त्याच्या गावात सतारमेकरांची गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथली ही कारागिरी एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. लहानपणी शाळेत जाता-येता त्याने जवारी काढताना पाहिलं आहे. सतारीची घोडी वरून रुंद असते आणि तिला तारेच्या दिशेने अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर हलकेच घासते, आणि त्यातून तो झणत्कार निघतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्याच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. साध्या घोडीवर छेडलेल्या तारेतून जे उपस्वर यायला नकोत, तेही इथे ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं.

गिटारवर तार घासली की आपण दोष म्हणतो. सतारीवर तेच घासणं मोजून-मापून आणलेलं असतं. आणि मींड? सतारीचा पडदा गिटारच्या फ्रेटपेक्षा कितीतरी जास्त कमानदार असतो, तरी त्यावर तार चार-पाच स्वर ओढली जाते. पडदे उंच असतात, तार दांडीला टेकत नाही, ॲक्शन भरपूर असते. नुसती गोलाई स्वर मारत नाही. गोलाई, उंची आणि ओढ यांचं जुळलेलं नसणं मारतं.

"जवारी काढायला गेलास तर आधी काय विचारतात माहितीये?" तो म्हणाला. "वाजवणार कोण आणि काय." रविशंकरांच्या पद्धतीची खुली जवारी वेगळी, विलायत खाँच्या पद्धतीची बंद वेगळी. उताराला आकडा नसतो असं नाही. मोजायला गेलो तर तोही निघेल. पण तो शेवटी निघतो, वाजवणाऱ्याचं उत्तर मिळाल्यावर.

कॅटलॉगचा उलटा क्रम मला खटकतो तो इथे. तो आकडा आधी देतो आणि मग आपण स्वतःला त्या आकड्यात बसवायला लागतो. मीसुद्धा 'मला १०–१४ लागतो' असं म्हणायला लागलो होतो. बाराव्या फ्रेटवर मी नक्की किती तार ओढतो आणि किती ॲक्शनवर, हे मात्र तोवर एकदाही मोजलं नव्हतं.

तेव्हा माझा निकाल असा. गाणी म्हणत कॉर्ड वाजवणाऱ्याला ७.२५ किंवा ९.५ पुरेसा आहे, ॲक्शन दीडच्या थोडी वर ठेवावी आणि निवांत राहावं. थोडंफार सगळंच वाजवणाऱ्याला सरळ बारा इंची बोर्ड भरपूर आहे. एक-सव्वा मिलिमीटर ॲक्शनवर मोठे बेंड आणि त्याच गिटारवर दिवसभर बार कॉर्ड, अशी दोन्ही टोकं ज्याला रोज लागतात, त्याने कंपाउंड जरूर घ्यावा, त्या ०.१ मिलिमीटरचं मोल त्याच्या बोटांना कळेल. पण त्याआधी, ज्याची नोट मरतेय त्या प्रत्येकाने, एक सरळ पट्टी घेऊन तीन-तीन फ्रेटवर ठेवून बघावी. डुगडुगते का?

माझी गिटार आता भिंतीपासून लांब, केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. बोर्ड तोच, सव्वासात इंची. त्या सोलोतला तो बेंड आता वाजतो. तरी तो अजून थोडा बेसूरच लागतो. त्याचा दोष आता फ्रेटला देता येत नाही, गोलाईलाही नाही. त्यामुळे रोज रात्री अर्धा तास तेवढी एकच तार ओढत बसतो.